८०० मीटर म्हणजे ८०० मिनिटं नव्हेत!

आज पहाटे साडेपाचला मैदानावर. अंधार, वरून झिमझिम, बुटात आधीच पाणी. दोन किलोमीटर वॉर्म-अप झाला, घड्याळ वाजलं, पहिला इंटरव्हल, म्हणजे जोरात पळायचा टप्पा, सुरू. सरांनी दिलेला साधा सेट होता: सहा वेळा ८०० मीटर, प्रत्येकानंतर ४०० मीटर जॉग. दोन फेऱ्या, म्हणजे ८०० मीटर, जीव तोडून मारल्या. घड्याळ गप्प. तिसरी फेरी अर्धी झाली तरी गप्प. थांबून मनगट बघितलं तर उरलेला वेळ तेरा तास चौदा मिनिटं!

पायरीवर बसून फोन उघडला, तेव्हा उलगडा झाला. काल रात्री एआय असिस्टंटला सांगून आजचा वर्कआउट ट्रेनिंग ॲपच्या कॅलेंडरमध्ये टाकून घेतला होता; घड्याळ तो तिथूनच उचलतं. असिस्टंटनं ८०० पुढे इंग्रजी 'एम' लिहिला. त्या कॅलेंडरात 'एम' म्हणजे मिनिट, मीटरला वेगळं अक्षर आहे. झालं! सहा वेळा ८०० मिनिटं म्हणजे ८० तास. मधले जॉग ४०० मिनिटांचे, त्यांचे आणखी ४० तास. एकूण १२० तास. आज मंगळवारी पहाटे सुरू केलं तर संपायचं रविवारी पहाटे.

आणि काल रात्री हा मला काय म्हणाला? "झालं! तुमचा वर्कआउट यशस्वीपणे जोडला आहे." पुढे हिरवी खूण. माझा संताप या 'झालं'वर आहे. चूक माणसाचीही होते. पण नोंद टाकल्यावर एकदा वळून बघितलं असतं तर समोर १२० हा आकडा होता. पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं की एका सकाळीत १२० तास बसत नाहीत. न बघता 'झालं' म्हणायचं, हे मी खपवून घेत नाही. ऑफिसात कुणी असं केलं तर त्याची फाइल मी परत त्याच्याच टेबलावर ठेवते.

तिथंच ओल्या बोटांनी त्याला लिहिलं, दुरुस्त कर. "तुम्ही अगदी बरोबर आहात, गैरसोयीबद्दल क्षमस्व." मी बरोबर आहे हे मला माहीत आहे रे, तू वर्कआउट बदल! बदलला नाहीच, जुना तसाच ठेवून शेजारी नवा टाकला. मंगळवारी दोन वर्कआउट. म्हटलं, जुना काढ. जुना काढला, आणि सोबत गुरुवारचा टेम्पो रनही (सलग वेगात पळायचा) काढला! वर पुन्हा "झालं!" तोवर सव्वासहा वाजले. पहिल्या लेनमधून चौघं-चौघं आडवे चालणारे, फोनच्या स्पीकरवर रील ऐकणारे, सगळे हजर झाले आणि माझा सेट दोनवर संपला.

भाच्याला फोन केला. "आत्या, प्रॉम्प्ट चुकला असेल तुझा." माझा? मी मराठीत, अक्षरांत, 'आठशे मीटर' असं लिहिलं होतं. मीटरला मीटर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि प्रत्येक ओळ मीच तपासायची असेल तर हाताने भरायला पाच मिनिटं लागतात, मग हा मधला कारकून हवा कशाला?

हे पहिल्यांदा घडलं असतं तर गिळलं असतं. जूनपासून हेच चाललंय. ईझी रन, म्हणजे निवांत पळणं, किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसनं सांगितला, तर किलोमीटरऐवजी मैल धरला. सातचा मैल म्हणजे किलोमीटरला चार एकवीस. माझा ईझी! घड्याळ सबंध ४५ मिनिटं 'वेग वाढवा' म्हणून मनगटावर कोकलत होतं. परवाच्या सहा ऑगस्टचा रन ०६/०८ असा लिहिला, तो जाऊन पडला आठ जूनला. उलटून गेलेल्या तारखेला नियोजित वर्कआउट कोण टाकतं, असा प्रश्न त्याला पडत नाही.

आणि रविवारचा लाँग रन. तो दर आठवड्याला शनिवारी जाऊन बसतो. कारण आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. रविवारी पहाटे पाचला तिकडे शनिवारचे रात्रीचे साडेअकरा. साडेपाचनंतर पळणाऱ्याला हा घोळ कधी दिसणारच नाही. पण इथं पुण्यात लाँग रनला साडेपाचच्या आत बाहेर पडावं लागतं, नंतर रस्त्यावर पीएमपीच्या बस आणि डंपर असतात. हे बनवणाऱ्यांतला एकही जण कधी अंधारात बूट बांधून निघाला नसावा. मग शनिवार लाल होतो, 'वर्कआउट चुकला', आणि रविवारी मी १६ किलोमीटर पळून घामाघूम घरी येते तर कॅलेंडर म्हणतं, आज विश्रांती.

सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आहे. २१ किलोमीटर, त्यात निम्मा वेळ यवतेश्वरचा घाट चढायचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी पायांत किती मंगळवार शिल्लक असतात? पहाटे चारचा गजर, घरच्यांचा डबा, आठला ऑफिसची बस, यातून एक तास काढते मी. तो तास आज पायरीवर बसून फोनशी भांडण्यात गेला. जुना वर्कआउट निघेपर्यंत त्या १२० तासांनी थकव्याचा आलेखही बिघडवला होता. तो नियोजित व्यायामही मोजून ७ दिवसांची सरासरी ४२ दिवसांच्या सरासरीशी ताडून पुढचं भाकीत करतो. ताजेपणा दाखवणारी रेषा विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती आणि वर लाल अक्षरांत सूचना: अतिश्रम, आराम करा.

दोन इंटरव्हल झालेत माझे. दोन!

येत्या रविवारी सिंहगडाचा घाट आहे, पहाटे पाचला. आत्ता कॅलेंडर उघडून बघितलं. शनिवारी पडलाय.