सगळेच काटकसरी

आमच्या घरात अकरा माणसं आहेत आणि अकराच्या अकरा काटकसरी आहेत, म्हणूनच महिना पुरत नाही. बाहेरच्यांना हे पटत नाही. उधळ्या माणसाला धरता येतंय ओ, तो पिशव्या घेऊन दारातनं आत येतो, दिसतो. काटकसरी माणूस आपले पाच रुपये वाचवतो, त्याचा पन्नासाचा खड्डा दुसऱ्याच्या खात्यात पडतो, आणि वर रात्री जेवताना सगळ्यांना सांगतो की आज मी पाच रुपये वाचवले.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. गिरणीत हजेरी लिहायचे, आता मीटर लिहितात. 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 300 च्या वर गेलं की अजून चढा, हे त्यांना हरिपाठासारखं पाठ आहे. आता सोलापूरचा मे महिना, पारा 43 वर, एक मीटर, अकरा माणसं, त्यात नणंदबाई पोरांना घेऊन माहेरपणाला आलेल्या, दोन कूलर दिवसरात्र घुंई घुंई करतायत, तिथं 300 च्या आत कसं राहायचं? पण मामांनी हार मानली नाही. रात्री सगळे झोपल्यावर हळूच उठून त्यांनी फ्रिज बंद केला. का तर म्हणे, रात्री कोण काय खातंय, फ्रिज जागा कशाला पाहिजे.

सकाळी दोन लिटर दूध नासलेलं. झालं ते झालं, टाकून द्यायचं की नाही? पण मग सासूबाईंची काटकसर सुरू झाली. नासलं म्हणून काय झालं, कलाकंद करू. त्याला अर्धा किलो साखर, वेलदोडा, वरनं काजू (सासूबाई म्हणाल्या थोडेच घातलेत, मी डबा बघितलाय), आणि आटवायला दीड तास गॅस. कलाकंद झाला छान, खोटं कशाला बोलू. पण मग एवढा केलाय तर शेजारी द्यायला पाहिजे, आणि शेजारणीनं रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून तिच्याकडनं हुग्गी आली, मग परत आपला डबा रिकामा कसा जाणार... हे प्रकरण वटपौर्णिमेपर्यंत चाललं होतं.

ज्वारीचं तसंच. माघ-फाल्गुनात नवी ज्वारी आली की वर्षाची एकदम भरून ठेवायची, स्वस्त पडते, हा सासूबाईंचा नियम आणि नियमात खोट काहीच नाही. फक्त वर्षाच्या ज्वारीला पैसेपण वर्षाचे एकदम लागतात आणि ते नेमके पोरांच्या फीला बाजूला काढलेले असतात. मंगळवेढ्याची मालदांडीच पाहिजे, दुसरी त्यांच्या हाताला लागत नाही. मग पोती आली, पोती ठेवायला पत्र्याची कोठी आली, कोठीला जागा पाहिजे म्हणून भाऊजींचा पलंग हॉलमध्ये आला, आणि पोरं काय म्हणाली? मॅगी.

भाकरी उरली तर वाया नको म्हणून कडक भाकरी करायची टूम जाऊबाईंनी काढली. त्यांना वाटलं उरलेली भाकरीच वाळवली की झाली कडक. तसं नसतंय. कडक भाकरी मुद्दाम पातळ थापायची असते आणि मंद आचेवर निवांत कडक होऊ द्यायची असते. चुलीवर ठीक आहे, इथं 14.2 किलोचा सिलेंडर. महिनाभर टिकेल असल्या भाकऱ्या झाल्या खऱ्या, सिलेंडर मात्र टिकला नाही. त्यातल्या निम्म्या पुण्याच्या पाहुण्यांनी नेल्या, सोबत अर्धा किलो शेंगाचटणी. पुण्याचे पाहुणे "पैसे किती झाले?" असं विचारतात ते स्टँडवर, गाडी हलल्यावर.

पाण्याचं तर बोलायलाच नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो. उजनी धरण भरलं म्हणून पेपरात फोटो येतो, बघायला बरा वाटतो. पाणी आलं की सगळं घर पळतंय, पिंप, घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरतात. आणि पुढच्या वेळी नळ आला की आधीचं उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं, मग नवीन चढवायला मोटर लावायची. मोटर लावली की मामा मीटरपाशी जाऊन उभे.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी आमच्या ह्यांनी आयडिया लढवली होती. बाहेर खायचं नाही, घरनं जेवूनच होम मैदानावर जायचं. पोटभर जेवलो, गेलो, पोरं आकाशपाळण्यात बसली. पोटभर जेवलेली पोरं. पाळणा फिरून खाली आला तेव्हा धाकट्याचा नवा शर्ट, शेजारच्या अनोळखी बाईंची साडी आणि ह्यांची आयडिया, तिन्ही धुवायला टाकायच्या लायकीच्या झाल्या होत्या. शिवाय पोट रिकामं झाल्यामुळं पोरांना परत भूक लागली. भजी, सगळ्यांना. एकट्या पोरांना कसं देणार, मोठी माणसं बघत बसणार होय?

शेवटी मागच्या महिन्यात मीच घरात मीटिंग घेतली. स्पष्ट सांगितलं, इथनं पुढं कुणी परस्पर काही वाचवायचं नाही, वाचवायचं असंल तर आधी मला विचारायचं आणि ज्यानं त्यानं आपला हिशोब लिहून ठेवायचा. सगळ्यांना पटलं. मामा तर लगेच उठले, चपला घातल्या आणि नवी पेठेत जाऊन वह्या घेऊन आले. माणसं अकरा, पण डझनात स्वस्त पडतात म्हणून दोन डझन आणल्या, आणि रिक्षानं आले कारण ओझं फार झालं होतं.