कोकणातला वाडा, मुक्काम वाई

ज्यांनी आमचा वाडा ‘अगदी अस्साच हवा होता’ म्हणून भाड्याने घेतला, त्यांनी परवा पहाटे साडेपाचला तो बदलायला घेतला.

बोलणी, करार, ॲडव्हान्स हा रटाळ भाग सोडून देतो. मालिका मराठी, शूटिंग आमच्या ओसरीवर, माजघरात आणि मागच्या अंगणात. लोकेशन मॅनेजर म्हणून जो गोडबोल्या मनुष्य आला होता तो पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘‘काका, खिळासुद्धा हलणार नाही.’’ त्याचा शब्द खरा ठरला. खिळे सगळे जागच्या जागी आहेत. खिळ्यांवर जे जे होतं ते हललं.

तसं आम्हा वाईकरांना शूटिंगचं अप्रूप नाही. २००३ साली ‘गंगाजल’मध्ये आमची वाई बिहारात होती. २०१० साली ‘दबंग’मध्ये ती उत्तर प्रदेशात गेली. मधल्या काळात, २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये, शेजारची मेणवलीही उत्तर प्रदेशात जाऊन आली. इतकं फिरलेलं हे गाव पडद्यावर वाई म्हणून आल्याचं काही मला आठवत नाही. त्यामुळे मालिका मराठी आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. निदान आता आपण जिल्ह्यात राहू.

‘‘स्टोरी कोकणातली आहे,’’ टेंपोतून सुपारीची रोपं उतरवणारा पोरगा म्हणाला.

रोपांच्या मागून प्लायवूडचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या खोट्या भिंती, उतरले. त्यांच्यावर लाल चिऱ्याची भिंत रंगवलेली. ते आमच्या काळ्या दगडी जोत्याला टेकवून उभे केले. आमचं तुळशीवृंदावन पणजोबांच्या काळचं, दगडी. ते हलेना, म्हणून त्याच्या पुढ्यात थर्माकोलचं दुसरं वृंदावन उभं राहिलं. त्यात लावायला तुळस मात्र आमचीच मागून नेली, कारण त्यांची प्लास्टिकची होती आणि क्लोजअपमध्ये कळते म्हणे.

हे सगळं ज्याच्या हुकमाने चाललं होतं त्याला सगळे ‘आर्ट’ म्हणून हाका मारत होते. ‘‘आर्ट, ही घडवंची काढ!’’ ‘‘आर्ट कुठे मेलाय?’’ वय पंचविशीचं. सहा खिशांची अर्धी चड्डी, कमरेला टेपची रिळं, कानामागे पेन्सिल आणि चेहऱ्यावर जगातलं एकही घर घरासारखं दिसत नसल्याचं दुःख. आर्ट डायरेक्टर म्हणून कोणी मोठे गृहस्थ होते, ते मुंबईहून फोनवर ओरडत. प्रत्यक्ष कला हा करत होता.

आता, शूटिंग आहे म्हणून आमच्या हिने आधीचा आठवडाभर घर घासून काढलं होतं. माजघराच्या भिंतीला मी स्वखर्चाने चुना देऊन घेतला होता. (तो खर्च मिळणार नाही असं करारात लिहिलंय. बारीक अक्षरात.) आर्ट माजघरात आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

‘‘काकू, ही पितळी भांडी कोणी घासली?’’

‘‘मीच. चिंच-मीठ लावून,’’ ही पदर सावरत म्हणाली. कौतुक ऐकून घ्यायची तिची पूर्ण तयारी होती.

‘‘फार ग्लेअर येतोय,’’ असं म्हणून त्याने एका डब्यातून कसलासा फवारा मारला आणि पाच मिनिटांत हिच्या सासूबाईंची सगळी घागर-परात मंद करून टाकली. मग बाटलीत चहाचं पाणी भरून माझ्या नव्या चुन्यावर उडवलं. ओघळ आले. लांब जाऊन, डोळे बारीक करून त्याने ते पाहिले आणि आणखी उडवले. वर मुलतानी माती फुंकली. शेवटी एक पंखा लावलेलं यंत्र काढून त्यातून रबराच्या चिकाचे धागे उडवत तुळयांच्या कोपऱ्यांत जळमटं केली.

‘‘अहो, इथली जळमटं मी शिडीवर चढून काढली की!’’ ही कळवळली.

‘‘काढायची नव्हती काकू,’’ तोही तितकाच कळवळला. ‘‘ओरिजिनल होती.’’

अंगणात तोवर एक मुलगा हातात थर्माकोलची शीट धरून उन्हाची वाट बघत उभा होता. सूर्य आला की ऊन शीटवर घ्यायचं आणि नायिकेच्या गालावर टाकायचं, एवढंच त्याचं काम. त्याला पाहून मला दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवल्या. दादासाहेबांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणला त्याची पुस्तकं आहेत, टपाल तिकीट आहे, गोरेगावची चित्रनगरी आहे. पण सूर्यप्रकाश परतवायला पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहायच्या त्या सरस्वतीबाई. फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायच्या त्या. सगळ्या युनिटला रांधून वाढायच्या त्याच. मुख्य नटी मिळेना तेव्हा एका खाणावळीतल्या अण्णा साळुंके नावाच्या स्वयंपाक्याला तारामती केलं आणि पुढे १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यालाच केलं. म्हणजे स्वयंपाक्याची सीता झाली आणि घरच्या बाईचा स्वयंपाक सुटला नाही. हे मी मोठ्या उत्साहाने हिला सांगितलं. ती तेव्हा युनिटच्या कोणा मॅडमसाठी बिनसाखरेचा चहा टाकत होती, कारण ‘‘काकू, आमचा चहा नुसता साखरेचा असतो.’’ तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढची फिल्मची भोकं मी मनातच ठेवली.

बसायला जागा नव्हती. माझ्या आरामखुर्चीवर चिकटपट्टी लावली होती : ‘प्रॉपर्टी. बसू नये.’ प्लास्टिकच्या खुर्च्या पुष्कळ होत्या, पण प्रत्येक खुर्चीला मालक होता आणि तो कुठेतरी उभा होता. मी एका खुर्चीला नुसता टेकलो तर एक स्पॉटदादा धावत आला. ‘‘काका, डीओपी सरांची आहे.’’ डीओपी सर, म्हणजे मुख्य कॅमेरामन, अंगणात ट्रॉलीच्या रुळांवर उकिडवे बसले होते.

तेवढ्यात आर्ट माझ्याकडे आला. आवाज एकदम मऊ.

‘‘काका, तुमचा एखादा मोठा फोटो असेल का? जरा जुना चालेल.’’

घरमालकाचा मान म्हणून लावत असतील, असं मला वाटलं. मी निवृत्तीच्या निरोप समारंभातला फोटो आणला. खांद्यावर शाल, चेहऱ्यावर समाधान. त्याने शाल बोटाने झाकून पाहिली.

‘‘एक नंबर! आजोबांचा फोटो प्रॉडक्शनने पाठवलाच नाही. आठचा कॉल आहे, सर आल्या आल्या माझी वाट लावतील. तुमचा चेहरा करेक्ट आहे.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘गेलेल्या माणसासाठी.’’

‘‘अरे, पण मी...’’

‘‘ते मला माहितीय काका,’’ तो धीर देत म्हणाला. ‘‘कोणाला सांगणार नाही.’’

‘‘मग मामंजींचाच राहू द्या की भिंतीवर,’’ ही मध्ये पडली. ‘‘ते खरंच गेलेत.’’

आर्टने माझ्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. टोपी, उपरणं, डोळ्यांवर धुरकट काच. ‘‘नाही काकू. ते फारच गेल्यासारखे वाटतात. आपल्याला नुकतेच गेलेले पाहिजेत.’’ आणि वडिलांना खाली उतरवून त्याच खिळ्यावर मी लागलो.

‘‘कशाने गेलो?’’ मी विचारलं. एवढं कळायचा मला हक्क होता.

‘‘अजून लिहिलं नाहीय. ट्रॅक ओपन ठेवलाय. टीआरपी बरा असला तर हार्ट ॲटॅक. पडला तर खून.’’

‘‘आणि माणूस कसा होतो?’’

‘‘एकदम देवमाणूस. फक्त ते रत्नागिरीचं...’’

‘‘रत्नागिरीचं काय?’’ आत्तापर्यंत माझ्या मरणाबद्दल अवाक्षर न काढलेली ही एकदम जवळ आली.

‘‘दुसरं घर असतं काकू त्यांचं तिकडे. पण ते शंभर एपिसोडनंतर कळतं. आत्ता घरात कोणालाच माहीत नाही.’’

हिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो त्या आजोबांच्या वाटणीचा होता, पण आजोबा गेलेले असल्याने मला घ्यावा लागला. मी नोकरीत असताना दोन वर्षं रत्नागिरीला होतो, हा निव्वळ योगायोग आहे.

त्याने फोटोला चंदनाचा हार घातला. ‘‘फुलांचा घातला की रोज कंटिन्युटीचा घोळ होतो,’’ म्हणाला. समोर उदबत्ती लावली, तीही अर्धी तोडून, म्हणजे पहाटेपासून जळतेय असं वाटावं. आणि मग स्वतःच्या माजघरात, स्वतःच्या फोटोसमोर, उदबत्तीच्या धुरात मी उभा राहिलो. गंमत वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटली. ही मात्र दोनदा जाऊन हार सारखा करून आली.

दूधवाला आला. आत डोकावला. फोटो बघितला, मला बघितलं, आणि ‘‘शूटिंग व्हय?’’ म्हणून दोन लिटर मापून निघून गेला. तेच दूध मी फ्रीजमध्ये ठेवलं. तासाभराने साउंडवाल्याने घरघर येते म्हणून फ्रीजचं बटण बंद केलं आणि ते चालू करायला कोणी आलं नाही. दूध नासलं. विहिरीच्या पंपालाही बंदी, त्यामुळे टाकी रिकामी. युनिटची माणसं सत्तरएक, संडास आमचा एक. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये. भाड्याचं विचारलं तर सांगतात, चेक नव्वद दिवसांनी. नट, तंत्रज्ञ, सगळ्यांना तसंच म्हणे, टीव्हीत पद्धतच आहे. दूधवाल्याला ही पद्धत मी सांगून पाहणार आहे.

साडेआठला सर, म्हणजे दिग्दर्शक, आले. जेमतेम तिशीचे, उलटी टोपी घातलेले. मॉनिटरसमोर बसले. कॅमेरा माजघरात फिरला : मंद घागर, चहाचे ओघळ, रबरी जळमटं, सगळ्यावर सर ‘‘मस्त, मस्त’’ करत होते. कॅमेरा माझ्यावर आला आणि थांबला.

‘‘हे कोण?’’

‘‘आजोबा, सर.’’

सर बराच वेळ पाहत राहिले. मी हातात चहाचा कागदी कप घेऊन त्यांच्या खुर्चीमागेच उभा होतो.

‘‘नाही रे,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘हे गेलेत याचं काही वाटतच नाही.’’

सगळं युनिट मॉनिटरभोवती जमलं. मेकअपदादा म्हणाले, चेहऱ्यात माया नाही. कंटिन्युटीची मुलगी म्हणाली, हे उसने दिलेले पैसे परत मागायला आल्यासारखे बघतायत. डीओपी सर म्हणाले, काचेला रिफ्लेक्शनही आहे. ट्रॉली ढकलणारा पोरगा, ज्याला कोणी विचारलं नव्हतं, तोही मान हलवत म्हणाला, ‘‘नाय वाटत.’’ फोटो कोणाचा हे माहीत असलेला एकटा आर्ट. तो माझी नजर चुकवून फरशी मोजत होता. एवढ्या माणसांचं एवढ्या लवकर एकमत झालेलं त्या दिवसात मी पुन्हा पाहिलं नाही. जेवण व्हेज की नॉनव्हेज यावरही झालं नाही.

‘‘ट्रंकेतले लाव,’’ सर म्हणाले.

पत्र्याच्या ट्रंकेतून एक आजोबा निघाले. पांढऱ्या मिशा, किंचित हसरे ओठ, डोळ्यांत पाणी आहे की नाही असं वाटण्याइतकंच पाणी. हिने लगेच ओळखले. ‘‘अगंबाई, हे दुपारच्या मालिकेत वकीलसाहेब होते. त्यातही गेलेलेच होते.’’ फोटो खिळ्यावर चढला, माझा हार त्यांच्याकडे गेला, आणि सगळं माजघर खरोखर उदास झालं. मलाही त्या माणसाबद्दल हळहळ वाटली, हे जास्त लागलं. छत्तीस वर्षं ज्या घराचे हप्ते, घरपट्टी आणि भावकीची भांडणं मी भरली, त्यात माझ्या नसण्याने काही फरक पडत नव्हता, आणि ट्रंकेतून आलेला हा परका गृहस्थ पहिल्या मिनिटाला सगळ्यांना रडवत होता.

‘‘माझा फोटो दे,’’ मी आर्टला म्हणालो.

तो फोटो काळजीपूर्वक बबल रॅपमध्ये गुंडाळत होता. ‘‘राहू द्या ना काका ट्रंकेत. लागेल कुठेतरी.’’

‘‘कुठे लागणार? काही वाटत नाही ना बघून?’’

‘‘तेच तर! पुढच्या महिन्यात पोलीस स्टेशनचा सेट आहे. भिंतीवर वाँटेडचे फोटो लागतात.’’

मी हिच्याकडे पाहिलं. आता तरी ही चिडेल.

‘‘त्याचे वेगळे पैसे मिळतात का हो?’’ हिने विचारलं.

‘‘मिळतात की काकू,’’ आर्ट ट्रंकेला कुलूप लावत म्हणाला. ‘‘नव्वद दिवसांनी.’’