चर्चमधला घोट आणि हॉस्टेलमधली बाटली : एक खुलासा

राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंतच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'अमेरिकेतल्या कॅथलिक कॉलेजात अठराव्या वर्षापासून दारू चालते, चर्चच वाइन देतं, आणि घरी काही कळवत नाहीत.' पोरगं तिकडं पाठवायच्या तयारीत असलेल्यांची झोप उडालीय. पहिली गोष्ट साफ चुकीची, बाकीच्या दोन अर्धवट.

अमेरिकेत दारूसाठी किमान वय २१. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानं हे न पाळणाऱ्या राज्यांचा महामार्ग-निधी कापायची तरतूद केली, आणि १९८८ पर्यंत पन्नासही राज्यं वठणीवर आली. कॉलेज कॅथलिक असलं म्हणून कायदा बदलत नाही.

चर्चमधली वाइन म्हणजे मिस्साच्या (कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेच्या) वेळी एकाच पेल्यातून घेतलेला एक घोट. द्राक्षाचीच, त्यात थोडं पाणी मिसळलेलं. पुष्कळदा लोकांना फक्त भाकरच देतात. आपण देवळात पळीभर तीर्थ घेतो, त्याला कुणी पाणी प्यायलं म्हणत नाही, तसंच हे.

घरी कळवण्याचं म्हणाल तर विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवायच्या अमेरिकी कायद्यातल्या १९९८ च्या दुरुस्तीनुसार, २१ खालच्या विद्यार्थ्यानं दारूचा नियम मोडला तर कॉलेज पालकांना कळवू शकतं. कळवलंच पाहिजे असं नाही, ते कॉलेजवर आहे. दारूविषयीचे नियम आणि शिक्षा मात्र दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी द्याव्याच लागतात. तो कागद पोराकडून मागून घ्या.

आणि अठराचं कौतुक कशाला? आपल्या महाराष्ट्रात तर व्हिस्की-रमला पंचवीस लागतात, भावा.