हजेरी लागली, पण सिस्टर खाटेपाशी किती वेळ?

गेल्या पावसाळ्यात आईच्या शस्त्रक्रियेनंतर पुण्यातील एका रुग्णालयात मी सलग नऊ रात्री तिच्या उशाशी काढल्या. तीस रुग्णांच्या त्या वॉर्डात रात्री दोनच सिस्टर असत. आईने घंटा दाबली की दारावरचा लाल दिवा लागे आणि कधी पाच, तर कधी पस्तीस मिनिटांनी कोणीतरी येई. त्या सिस्टर कामचुकार नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एक जण इंडेंटची, म्हणजे वॉर्डाने मागणीपत्र देऊन मागवलेली औषधे आणायला तळमजल्यावर गेलेली असे आणि दुसरी एकाच सलाइनची नोंद आधी केसपेपरवर, मग रजिस्टरमध्ये आणि शेवटी संगणकात करत असे.

रुग्णालयात माहिती तंत्रज्ञान आले, असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हजेरीचे यंत्र आलेले असते. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आधारवर चालणारी हजेरी सक्तीची केली आहे. माणूस कामावर आला, एवढे त्या यंत्राला कळते. तो रुग्णाच्या वाट्याला किती आला, हे त्याला कळत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने तर दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे.

ही दुसरी गोष्ट मोजता येते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१६ पासून वॉर्डातील परिचारिका आणि त्यांच्या साहाय्यकांच्या कामाचे एकूण तास रुग्णसंख्येने भागून दर रुग्णामागे दिवसाला किती तास मिळाले, याची नोंद ठेवली जाते. आमच्या वॉर्डासारखा एखादा वॉर्ड घ्या. तीस रुग्ण, सकाळी सहा तासांसाठी चार सिस्टर, दुपारी सहा तासांसाठी तीन, रात्री बारा तासांसाठी दोन, म्हणजे एकूण ६६ तास. एका रुग्णाच्या वाट्याला दिवसभरात अवघे दोन तास बारा मिनिटे. त्यातूनही लिखापढी आणि जिन्यांची चढउतार वजा करावी लागते. भारतीय परिचर्या परिषदेने अध्यापन रुग्णालयांतील सर्वसाधारण वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा निकष सांगितला आहे, हे आठवले की मन विषण्ण होते.

हे गणित रोज, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आपोआप व्हावे. ड्युटी लिस्ट आज व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरते आणि ऐनवेळचे बदलही तिथेच राहतात. ती भरलेल्या खाटांच्या नोंदीशी जोडली, तर कोणत्या वॉर्डात माणूस कमी पडणार हे संध्याकाळीच दिसेल. घंटा दाबल्याची आणि ती बंद केल्याची वेळ साठवली, तर पहाटे दोन ते चारमध्ये काय होते, हे कोणाच्या तक्रारीवाचून समजेल. ज्या शहरात १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक घडला, तिथे यात अशक्य काहीच नाही.

मात्र दोन अटी मला अत्यंत आवश्यक वाटतात. संगणकातील नोंद सुरू होईल त्याच दिवशी तिचे कागदी रजिस्टर बंद झाले पाहिजे. नाहीतर सिस्टरांच्या डोक्यावर एक काम वाढेल आणि आईसारख्या रुग्णांची मिनिटे आणखी घटतील. दुसरे म्हणजे, घंटेच्या नोंदी सर्वप्रथम मेट्रनच्या, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखांच्या हाती पडाव्यात आणि त्यांच्या आधारे त्यांना व्यवस्थापनाकडे माणसे मागता यावीत. त्याच नोंदींवरून एखाद्या सिस्टरला मेमो दिला गेला, तर पुढच्या पाळीपासून खाटेपाशी न जाताच घंटा बंद केल्या जातील.