ब्रेक इट ऑफ, म्हणजे नक्की काय तोडायचं?

शनिवारच्या हळदीत पक्याने मधेच बार्बाडोसची गायिका रिहाना आणि जमैकाचा गायक शॉन पॉल यांचं 'ब्रेक इट ऑफ' लावलं. नाचणारे दोन मिनिटं गोंधळले, मग दुप्पट नाचले. विषय तिथेच संपायला हवा होता, पण हळदीला बाळूकाका होते.

"त्या बाप्याचं इंग्रजी ऐकलंस का?" रविवारी कट्ट्यावर टेकायच्या आधीच काका सुरू झाले. "तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं. धड शिकले नाहीत की असं होतं."

मेघा खारे दाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, ते इंग्रजी नाहीच. जमैकाची पात्वा आहे. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी मळ्यांवर घडवलेली भाषा. शब्द बरेचसे गोऱ्या मालकाचे, पण व्याकरण यांचं. आणि तुम्ही माझ्या मालवणीला पण वीस वर्षं बिघडलेली मराठीच म्हणताय."

यावर कुणीच काही बोललं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिच्या मालवणी नाटुकल्यावर शिट्ट्या वाजवणाऱ्यांत मी आणि बंड्या दोघेही होतो. ती विसरलेली नाही, हे आम्हाला दर दोन महिन्यांनी कळतं.

बंड्याने घाईने विषय बदलला. बंड्याला संगीतातलं कळतं, असं बंड्याचं मत आहे. दाढी वाढवल्यापासून ते जास्तच पक्कं झालंय. "भाषेचं सोड. मुळात हे डान्सहॉल, म्हणजे जमैकाचं ते नाचायचं संगीत, नाहीच. पॉपचं पाणी घातलंय. प्युअर ऐकायचं तर जमैकाच्या राजधानीचं, किंग्स्टनचं ऐका."

"गाणं बसवलंय कुणी?" मेघा.

"कुणीतरी अमेरिकन असेल."

"डॉन कॉर्लिऑन. खरं नाव डोनोव्हन बेनेट, जमैकाचाच. आणि प्युअर म्हणजे काय रे? 1985 मध्ये वेन स्मिथच्या 'अंडर मी स्लेंग टेंग'ने अख्खं डान्सहॉल फिरवलं. त्याचा ठेका कुठला? कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमध्ये आधीपासून भरून आलेला. बटण दाबलं की वाजायचा. तुझ्या प्युअरची गंगोत्री जपानी खेळण्यात आहे."

बंड्याने दाढी खाजवली. हे त्याचं शरणपत्र.

पक्याचं म्हणणं साधं होतं. गाण्यावर 'फीचरिंग शॉन पॉल' लिहिलेलं असलं तरी पाहुणा तो नव्हे, ती. 2006 चा हिशोब बघा म्हणे. शॉन पॉलचं 'गेट बिझी' 2003 मध्येच अमेरिकेत पहिल्या नंबरवर जाऊन आलेलं, 'टेम्परेचर' 2006 मध्ये गेलेलं. ती जेमतेम अठराची, दुसरा अल्बम. "त्याने हात दिला म्हणून पोरगी वर आली."

"तिचं 'एसओएस' पण त्याच वर्षी पहिल्या नंबरवर होतं, ते कुणी हात देऊन?" मेघा म्हणाली. "आणि तिच्या देशात तिचा मान बघ. 2021 ला बार्बाडोसने इंग्लंडच्या राणीला रामराम केला, प्रजासत्ताक झाले, आणि त्याच सोहळ्यात हिला राष्ट्रीय वीर जाहीर केलं. तीन लाखही वस्ती नाही त्या बेटाची."

"पण सगळे वेस्ट इंडिजच ना?" काका.

"टीम एक, काका. देश वेगळे. किंग्स्टनहून बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तिची बोली वेगळी, त्याची वेगळी. ती डान्सहॉल गाते तेव्हा तीही शेजारच्या घरचीच भाजी वाढून घेतेय."

टीम म्हटल्यावर काका गेलेच 1971 मध्ये. गावसकरचे चार कसोटींत 774, त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने त्याच्यावर रचलेलं कॅलिप्सो, म्हणजे तिकडच्या लोकसंगीतातलं गाणं, आणि ते रेडिओवर लागलं की काकांचे वडील पंखा बंद करून कसे ऐकायचे. हे आम्ही पन्नासदा ऐकलंय. पण काका हे सांगताना खरंच बरे दिसतात, म्हणून कुणी तोडत नाही.

"त्यात चाल होती," काका शेवटी म्हणाले. "हे लोक चाली चोरतात. पक्याच सांगत होता, एकाच ठेक्यावर दहा जण गातात."

"रिडिम म्हणतात त्याला," पक्या खुलला. "लेंकी मार्सडेनने एक बनवला, नुसता टाळ्यांचा खेळ. त्यावर शॉन पॉलचं 'गेट बिझी', वेन वंडरचं 'नो लेटिंग गो', न्यूयॉर्कच्या लुमिडीचं पण गाणं. आणि रिडिमचं नाव काय, माहितीय? दिवाळी."

"दिवाळी?" काकांचा चहा ओठाशीच थांबला.

"आपली दिवाळी. आणि ती चोरी असेल तर 'सौभद्र'चं पुस्तक उघडा," मेघा म्हणाली. "पदांवर 'चाल' म्हणून आधीचीच गाणी छापलीत. बरं, तुमचं भजनी मंडळ एकादशीला तो अभंग कुठल्या चालीवर म्हणतं?"

काकांनी उत्तर दिलं नाही. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. राजेंद्रकुमारचा सिनेमा आहे, आणि पडद्यावर त्या गाण्यात विठ्ठलाचा काहीच संबंध नाही.

हसणं ओसरल्यावर बंड्याने पुन्हा तोंड उघडलं, ही त्याची चूक. "पण गाणं ब्रेकअपचं आहे, हळदीत लावायचं नसतं."

मेघाने दाणे खाली ठेवले. "तुला ते ब्रेकअपचं वाटतं?"

"ब्रेक इट ऑफ म्हणजे तोडून टाक."

"शब्दकोशात. गाण्यात उलट आहे. नवराबायको दार लावून घेतात, त्याच्या पुढचं आहे." मग तिला आठवलं. "थांब. तुझं ब्रेकअप झालं तेव्हा तू हे त्या मुलीच्या आईला टॅग करून स्टेटसला ठेवलं होतंस ना?"

त्यानंतर पाच मिनिटं कुणाला बोलता येत नव्हतं. पानवालासुद्धा गल्ला सोडून बाहेर आला.

पक्याने डोळे पुसत जाहीर केलं की यंदा तो मंडळासाठी 'गणपती रिडिम' बनवणार, वर सगळ्यांनी आपापली आरती म्हणायची.

"बनव," काका म्हणाले, "आधी गेल्या वर्षीची वर्गणी दे."