काळी दोन, एक टीबी आणि एक स्क्रू

त्या दिवशी सातव्या टेकला माझा सा बरोब्बर लागला. म्हणजे असा की हार्मोनियमची काळी दोन कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो ते मलाच कळेना. बायकोनं शिट्टी नको म्हणून कुकर गॅसवरून उतरवून ठेवला होता, कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर मार्चातच तापलेलं ऊन, आत मी, तबलजी आणि आमचा दोघांचा घाम, आणि अंतऱ्यावर चढणार तेवढ्यात लॅपटॉपच्या पोटातून खर्र खर्र झालं नि स्क्रीनवर लाल पट्टी आली, डिस्क ओव्हरलोड. रेकॉर्डिंग जागच्या जागी बंद. तबलजी बिचारा आणखी दोन आवर्तनं एकटाच वाजवत होता, त्याला वाटलं मी समेची वाट पाहून राहिलो.

आठवा टेक झालाच नाही. तसा सा रोज लागत नसतो हो.

आता आमचा स्टुडिओ सांगतो. नागपूरच्या प्रतापनगरातल्या घराची मागची खोली, जिथे आधी पाहुण्यांच्या गाद्या ठेवायचो. गाद्या अजूनही तिथेच आहेत, फक्त आता त्या भिंतीला उभ्या लावल्यात आणि त्यांना मी अकॉस्टिक ट्रीटमेंट म्हणतो. बाकी सगळं खोलीतून काढलं, देवीचा फोटो आणि सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ तेवढं बायकोनं हलवू दिलं नाही. चार माइक लॅपटॉपला जोडता येतील असा एक इंटरफेस, त्यात एक गळ्याला, एक पेटीला, दोन तबला-डग्ग्याला. आणि २०१६ सालचा लॅपटॉप, ज्यात घरातला प्रत्येक फोटो, प्रत्येक लग्नाचा व्हिडिओ आणि मुलीचे दहावीपासूनचे सगळे नोट्स आहेत. पाचशे जीबीतले नऊ जीबी मोकळे होते. ते माझे.

भाच्याला फोन केला. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घराण्यातला शेवटचा शब्द. रेकॉर्डिंगचा शेवटचा तुकडा त्याला पाठवला, त्यानं कान देऊन ऐकला नि डॉक्टर सांगतात तशा आवाजात म्हणाला, "मामा, मागे टिक-टिक ऐकून राहिले का? तुमची हार्ड डिस्क मरून राहिली. एसएसडी टाका, तिच्यात फिरणारं काही नसतं."

झालं. तिथून पुढचे अडीच महिने मी गायलो नाही. मी एसएसडी निवडत होतो.

मला वाटलं होतं दुकानात जायचं, एक एसएसडी द्या म्हणायचं, पैसे द्यायचे, येताना तर्री पोहा खायचा. पण नाही. त्यात जुन्या पद्धतीनं जोडायची हळू सॅटा आहे, नव्या पद्धतीची वेगवान एनव्हीएमई आहे, एनव्हीएमईत जेन थ्री आहे, जेन फोर आहे, त्यात कॅश मेमरी असलेली नि नसलेली आहे. मग टीएलसी आणि क्यूएलसी, म्हणजे एका खोलीत तीन बिट की चार बिट, हे मला लगेच समजलं कारण कॉलेजच्या पोरांच्या भाड्याच्या खोलीचंही तेच आहे, जितकी डोकी जास्त तितकं स्वस्त पडतं, पण काम हळू आणि खोली लवकर खराब. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी व्हिडिओ पाहायचो. सेकंदाला साडेतीन हजार एमबीवाली चांगली की सात हजारवाली, तापली की कोणती जास्त ढेपाळते. ढेपाळतात हो, एनव्हीएमई फार गरम झाली की स्वतःहून वेग कमी करते, दुपारी एक ते चार नागपूर करतं तेच. एकदा बायको पाणी प्यायला उठली नि मी स्क्रीनपुढे आलेख पाहून राहिलो हे बघून म्हणाली, "अहो, हा फ्लॅट घेताना तुम्ही बाथरूमसुद्धा पाहिलं नव्हतं."

सल्ले तर विचारूच नका. ऑफिसात एकानं सांगितलं सगळं क्लाउडवर टाक, त्याला मी आमच्याकडच्या इंटरनेटबद्दल काही बोललो नाही, उगाच तोंड खराब होतं. दुसऱ्यानं मोबाइलवर दोन टीबीचा पेनड्राइव्ह दाखवला, सहाशे रुपये फक्त. मी घेणारच होतो, पण भाच्यानं अडवलं. त्या पेनड्राइव्हमध्ये खरी जागा थोडीशीच असते, कॉम्प्युटरला मात्र तो छाती पुढे काढून दोन टीबी सांगतो, आणि आतली जागा संपली की नवं लिहिताना जुनं पुसत जातो किंवा लिहिल्याचं नुसतं नाटक करतो. असे दोन-तीन लोक आमच्या भजनी मंडळातही आहेत.

शेवटी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं माझा अडीच महिन्यांचा अभ्यास शांतपणे ऐकून घेतला, आलेखांसकट, नि म्हणाला, "भाऊ, करायचं काय आहे?" मी म्हटलं गाणी रेकॉर्ड करायची. "मग ही घेऊन जा बिनधास्त," म्हणून त्यानं एक टीबीची एनव्हीएमई पुढे केली. मी लॅपटॉपचं मॉडेल सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. दोघंही बिनधास्त.

डबा उघडला तर आत एवढीशी पट्टी. बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी मिलिमीटर लांब, जुन्या सिटी बसच्या तिकिटापेक्षा थोडी जाड. बायको म्हणाली, "एवढ्याचे एवढे?" भाच्यानं लॅपटॉपचं पोट उघडलं, पट्टी खाचेत छान बसली, स्क्रू लावला, झाकण लावलं, चालू केलं. लॅपटॉपला ती दिसेचना. परत उघडलं, परत लावलं, परत तेच. तासाभरानं कळलं की खाच एनव्हीएमईची दिसते तशीच, पण या लॅपटॉपमध्ये तिच्यामागची वायरिंग फक्त सॅटाची. म्हणजे वऱ्हाड थाटामाटात पोचलं, पण मंगल कार्यालय चुकलं.

मग परत बर्डी. सील फोडलेला माल परत घेत नाही, मग घेतो पण पैसे कापून, मग चहा, मग थोडे कमी कापून. सॅटावाली घेऊन आलो. दिसायला अगदी तशीच पट्टी, फक्त कडेला एकाऐवजी दोन खाचा. एवढ्या एका जास्तीच्या खाचेसाठी माझा एक रविवार आणि दोन वेळा पार्किंगचे पैसे गेले.

आणि आता स्क्रू सापडेना.

ज्यांनी ही पट्टी कधी बसवली नाही त्यांना सांगतो, ती खाचेत तिरपी सरकवायची असते आणि मागचं टोक खाली दाबून एका स्क्रूनं जखडायचं असतं. तो स्क्रू तीळ मोठा की तो मोठा असा प्रश्न पडावा एवढा असतो. तो नसेल तर पट्टी मागून वर उठते, डंख मारायला नांगी उचललेल्या विंचवासारखी. दाबली की बसते, बोट काढलं की उठते. काल पहिली पट्टी काढताना भाच्यानं स्क्रू "इथेच" ठेवला होता. आम्ही चौघांनी तो "इथेच" सगळीकडे शोधला. गाद्या झाडल्या, कचऱ्याची बादली पेपरवर उलटी केली, त्यात भेंडीची देठं निघाली. मी चुंबक फिरवलं, त्याला तीन टाचण्या आणि एक जुनी सेफ्टी पिन चिकटली. सेलोटेप लावून पाहिला, गरमीनं गोंद सुटला नि विंचू पुन्हा उठला. चष्म्याच्या दुकानातून दहा स्क्रू आणले, त्यातला एकही त्या आट्यांत बसेना.

चौथ्या दिवशी बायको एका लग्नाला जायला निघाली. आरशासमोरून ओरडली, "अहो, ही कोणाची फिरकी आहे? माझ्या कुड्यांना बसतच नाहीये!" झाडताना तिला तो स्क्रू दिसला होता, तिला वाटलं कानातल्याची फिरकी, आणि तिनं तो दागिन्यांच्या डबीत कापसात गुंडाळून ठेवला होता. या घरात माझी कोणतीच वस्तू आजवर एवढी सांभाळून ठेवली गेली नव्हती.

डिस्क बसली. दिसली. विंडोजनं तिला एक टीबीऐवजी ९३१ जीबी म्हटलं, त्यावर बायकोनं लगेच "उरलेली कुठे गेली?" विचारलं, आणि कंपनी हजाराहजारानं मोजते नि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, दूधवालाही असंच काहीतरी सांगत असतो.

मग एका रात्री, लाइट गेली होती म्हणून, मी लाइट बिलाच्या मागे हिशेब मांडला. हा आधी मांडायचा असतो, मला माहीत आहे. आवाजाचं एक माप २४ बिटचं, म्हणजे तीन बाइट, असं सेकंदाला ४८,००० वेळा, म्हणजे एका माइकचे सेकंदाला एक लाख चव्वेचाळीस हजार बाइट. चार माइकचे मिळून अर्ध्या एमबीच्या थोडं वर. आणि माझी ती मरायला टेकलेली, मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारणारी हार्ड डिस्क एका रांगेतलं काम दिलं तर सेकंदाला शंभरेक एमबी सहज उचलते. मी बिल उलटंपालटं करून तीनदा पाहिलं. डिस्कवर आयुष्यभरात किती लिहिता येईल याची कंपनी हमी देते, माझ्या नव्या डिस्कला ती सहाशे टीबी आहे. आठवड्याला तासभर रेकॉर्डिंग म्हणजे दोन जीबी धरले, तर ती हमी संपवायला मला साडेपाच हजार वर्षांच्या वर रियाज करावा लागेल.

मग ती जुनी अडली कशाला? रांगेतलं काम मिळालंच नाही तिला. इतवारीतल्या किराणा दुकानातला पोऱ्या आठवा. त्याला एक पोतं आण म्हटलं की आणतो पाठीवर टाकून, पण एकाच वेळी पाच गिऱ्हाइकं धणे, जिरं, कापूर, राळ, हिंग असं एकेक पुडी मागायला लागली की माळ्यावर चढून-उतरून त्याचा जीव जातो. त्या दिवशी माझ्या गाण्याच्या वेळी अँटिव्हायरसची साप्ताहिक तपासणी सुरू होती आणि बायकोच्या मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो क्लाउडवरून खाली उतरत होते. लिहायला-वाचायला एकच सुई, पाच गिऱ्हाइकं, मोकळी जागा नऊ जीबी. दोन बटणं बंद केली असती तर भागलं असतं.

हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

तरी एक गोष्ट मान्य करतो, नवी डिस्क आवाज करत नाही. अजिबात नाही. त्यामुळे बाकीचं सगळं ऐकू यायला लागलं. मागे एक बारीक घूं होतं, जे मी इतके दिवस डिस्कच्या नावावर खपवत होतो, ते भिंतीपलीकडचा फ्रिज निघाला. म्हणून मग टेकच्या वेळी फ्रिज बंद करायचं ठरलं. बंद केला. चालू करायचं राहिलं. नागपूरचा मे महिना, आत पाच माणसांचा आमरस. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

आता पहाटे साडेचारला रेकॉर्डिंग करतो. कूलर नको, भंगारवाला नको, फ्रिजला हात लावायला सक्त मनाई. तीन महिन्यांत एकूण अकरा मिनिटं जमली आहेत, चार ट्रॅकचे मिळून पावणेचारशे एमबी. पण हसू नका, १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा दोन-दोन फुटी पन्नास तबकड्यांत मिळून पन्नास लाख अक्षरं मावायची, त्यात माझा एका माइकचा एक मिनिटसुद्धा मावला नसता. उरलेल्या जागेत मामेबहिणीचं लग्न आहे, फोर-के मध्ये, हळदीपासून. जुनी डिस्क भाच्यानं डबीत घालून नेली, तिच्यावर त्याचे सिनेमे आहेत, तपासली तेव्हा तब्येत उत्तम दाखवून राहिली म्हणतो.

परवा पहाटे सा पुन्हा लागला. लाल पट्टी आली नाही. शेवटपर्यंत गायलो, तिथेच बसून मिक्स केलं, आणि २४ बिटचं ते सगळं वैभव फॅमिली ग्रुपवर व्हॉइस नोट म्हणून टाकलं, जिथे ते चिरडून एवढंसं झालं. आमची आत्या पहाटेच उठते. दोन मिनिटांत तिचा उलटा व्हॉइस नोट आला.

"मस्त झालं रे बाबू. पण मधात ते टिक-टिक कशाचं वाजून राहिलं?"

मी हेडफोन काढला, लॅपटॉपला कान लावला. काहीच नाही. मग वर पाहिलं. देवीच्या फोटोशेजारी सासऱ्यांच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.