केकच्या डब्यात पत्रक ठेवू नका

डिसेंबर आला की विदर्भातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या तरुण संघात दोन कामं एकदम सुरू होतात. एकीकडे केक, दुसरीकडे "यंदा गावात येशूची सुवार्ता कशी पोहोचवायची" याची बैठक. मग कोणीतरी सुचवतंच की दोन्ही एकत्र करू, प्रत्येक केकच्या डब्यात एक पत्रक टाकू. माझा याला स्पष्ट विरोध आहे. विश्वास सांगण्यात लाज वाटते म्हणून नव्हे. केकही मनापासून द्यावा आणि विश्वासही मनापासून सांगावा, पण एकाला दुसऱ्याचं आमिष करू नये.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यानंतर लोक येशूला शोधत येतात, तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता आहात. त्याने भाकरी दिली ती लोक भुकेले होते म्हणून. आपल्या आजोबा-पणजोबांनी "पोटासाठी बाटले" हा टोमणा आयुष्यभर ऐकला. त्यांच्या नातवंडांनी तरी खाण्याच्या वस्तूला पत्रक चिकटवू नये. शेजारची काकू डबा उघडते, आत पत्रक दिसतं, आणि तिला त्याच क्षणी वाटतं की हा केक फुकटचा नव्हता. पुढच्या दिवाळीला ती फराळाचं ताट पाठवताना दोनदा विचार करील.

डब्यावर एकच चिठ्ठी हवी: "अंडं नाही, दारू नाही. चार दिवसांत संपवा." ही चिठ्ठी फार महत्त्वाची आहे. आपल्या गावांत माळकरी आहेत, महानुभाव आहेत, मार्गशीर्षातले गुरुवार धरणाऱ्या बाया आहेत. त्यांना विचारायला संकोच वाटतो, आणि खात्री नसली की केक तसाच पडून राहतो किंवा गुपचूप गाईपुढे जातो. म्हणून वाटायचा केक सरसकट बिनअंड्याचाच करा, आणि ज्या भांड्यात कधी अंडं फेटलं असेल ते भांडं त्यासाठी घेऊ नका. रमचा तर प्रश्नच येऊ नये. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्या दारू वर्ज्य मानतात. रमशिवाय फ्रूट केक होत नाही हा समज शहरातून आलेला आहे. आपल्याकडे संत्रा आहे, आणि आंबिया बहाराची फळं नेमकी नाताळच्या तोंडावर बाजारात असतात.

आता केक. ७ इंची गोल डब्याचं प्रमाण देते. चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलीचा.

आदल्या दिवशी सालीचा पाक करा. चार संत्र्यांच्या साली कोमट पाण्यात घासून धुवा. बागेतून थेट आणलेली फळं मिळाली तर उत्तम, कारण पेटीतून येणाऱ्या फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर असतो. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा, बारीक पट्ट्या करा, पाच मिनिटं उकळा आणि पाणी फेका. असं दोनदा करा. कडू लागल्या तर तिसऱ्यांदा. मग सालींच्या वजनाइतकी साखर आणि निम्मं पाणी घालून मंद आचेवर पट्ट्या पारदर्शक होईपर्यंत शिजवा. ताटात पसरून वाळवा. या कामात घाई केली की कडवटपणा राहतो आणि तो पुढे कशानेच झाकला जात नाही.

काळे मनुके ६० ग्रॅम, बिया काढलेला खजूर ४० ग्रॅम, या साली ३० ग्रॅम, चारोळी २० ग्रॅम. चारोळी सोडून बाकी सगळं मनुक्याएवढं बारीक चिरा आणि १०० मिली संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळून झाकून ठेवा. कच्च्या रसात दोन-तीन दिवस भिजत घालू नका, फ्रीज नसेल तर ते आंबतं. रस गाळून घ्या, बी राहिली तर ती कडू लागते. गडचिरोलीकडे मोहफुलं घालायची असतील तर सुकी फुलं झटकून आतले केसर काढा, धुवा, आणि ३० ग्रॅमच्या वर जाऊ नका. त्यांचा वास बाकी सगळ्यावर मात करतो.

कॅरमेलसाठी ६० ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच वितळू द्या. कोऱ्या चहाचा रंग आला की गॅस बंद करून ८० मिली गरम पाणी थोडं थोडं घाला. तोंड लांब ठेवा, फार उडतं. गार पाणी घातलं तर आणखी उडतं आणि साखरेचा दगड होतो. काळा धूर निघाला तर ते फेकून नव्याने करा.

मैदा १८० ग्रॅम, बेकिंग पावडर १ चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, दालचिनी पूड अर्धा चमचा, सुंठ पाव चमचा, दोन लवंगांची पूड, चिमूट जायफळ, चिमूट मीठ. हे दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात ताजं, आंबट न झालेलं दही १२० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, वास नसलेलं तेल ९० मिली आणि गार झालेलं कॅरमेल नीट फेटा. फळं निथळून घ्या, उरलेला रस (दोन-तीन मोठे चमचे निघतो) ओल्या मिश्रणात घाला. फळांवर एक मोठा चमचा मैदा भुरभुरवा, नाहीतर सगळी तळाला बसतात. मग कोरडं ओल्यात घालून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. इथे जोर लावून फेटणारे बरेच असतात. मैदा जितका घोटाल तितका त्यातला चिवटपणा वाढतो आणि केक रबरासारखा होतो. शेवटी फळं आणि चारोळी. तूप लावून तळाला कागद घातलेल्या डब्यात लगेच ओता आणि लगेच आचेवर ठेवा. सोडा दह्याशी भेटल्याबरोबर कामाला लागतो, तो तुमची वाट बघत नाही. "जरा जास्त फुगावा" म्हणून सोडा वाढवला तर साबणासारखी चव येते. बेकिंग पावडर जुनी असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर वापरू नका.

मैद्यातला ६० ग्रॅम कमी करून तेवढी गव्हाची बारीक चाळलेली कणीक घेतली तरी छान होतो, फक्त दोन मोठे चमचे दूध जास्त लागतं.

ओव्हन नाही म्हणून कोणी अडून बसू नये. जाड बुडाचा मोठा गंज (पातेलं) किंवा लोखंडी कढई घ्या, तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर डबा टेकवायला रिंग, आणि बसेल असं झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, डबा ठेवा, आच अगदी मंद करा, ५० ते ६० मिनिटं. पहिली ३५ मिनिटं झाकण उचलायचं नाही. मध्ये खड्डा पडण्याचं पहिलं कारण हेच, दुसरं म्हणजे जास्त झालेला सोडा. वर फुगून फाटला तर आच मोठी होती. कुकरच वापरायचा असेल तर शिटी आणि रबर दोन्ही काढा. ते मीठ नंतर स्वयंपाकात चालत नाही, बरणीत ठेवून पुढच्या केकला वापरा.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर १६० अंश आणि साधारण तासभर. पण गावात खरी अडचण व्होल्टेजची आहे. रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू असतं तेव्हा लाइन उतरते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर १५०० वॅटचा ओव्हन जेमतेम ९२० वॅटचं काम करतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. केक फिकट आणि बसका होतो आणि दोष पाककृतीला लागतो. व्होल्टेज बरं असेल त्या वेळी करा, किंवा सरळ गंजात करा. मध्येच लाइट गेली तर दार उघडू नका. केक ठेवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत गेली आणि लवकर येण्याची आशा नसेल तर तोवर तापवलेल्या गंजात डबा हलवा.

सुरी कोरडी निघाली तरी केक पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. वाफ कोंडली की तिसऱ्या दिवशी बुरशी. यात दारू नाही, त्यामुळे महिनाभर टिकणार नाही, डिसेंबरच्या थंडीत चार दिवस धरा. आणि बाजूला दोन करंज्या, चार शंकरपाळे जरूर ठेवा. आपला नाताळचा फराळ केकपेक्षा जुना आहे आणि गावाला ओळखीचा आहे.

आता दुसरी बाजू. पत्रक नाही म्हणजे मुकं राहायचं असं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितलंय की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. त्यात आधी विचारणारा आहे, मग उत्तर. आणि गावात लोक विचारतातच. दारात नाताळची चांदणी टांगलेली दिसली की पारावरचे काकाजी हटकून विचारतील, "कावून रे, तुमचा देव मेला, मंग जिता कसा झाला?" या प्रश्नाला आपल्या पोरांची तयारी नसते. मोबाइलवर पाठ केलेली भाषणं असतात, त्यात "तारण", "कृपा", "पापक्षमा" हे शब्द एकापाठोपाठ येतात आणि काकाजींना काही कळत नाही.

तयारी अशी करा. तीन मिनिटांत, आपल्या वऱ्हाडीत, तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: येशू कोण होता आणि त्याने काय केलं, त्याच्या मरणाचा आणि पुन्हा उठण्याचा आपण काय अर्थ मानतो, आणि त्याने आपल्या रोजच्या वागण्यात काय फरक पडतो. तिसऱ्या भागात खोटं लगेच उघडं पडतं, कारण गाव आपल्याला रोज बघतं. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा, जो शब्द त्यांना अडेल तो बदला. उत्तर येत नसेल तर "पाळकसाहेबांना विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच विचारून सांगा.

काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. बरं करण्याची हमी नाही, फी-नोकरीचा शब्द नाही, कोणाच्या देवाला नाव ठेवणं नाही, आई-वडिलांना न विचारता लहान मुलांना गोळा करणं नाही, न विचारता कोणाचा फोटो टाकणं नाही. राज्यघटनेचं पंचविसावं कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतं. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. दोन्ही वाक्यं प्रत्येक तरुण संघात नीट समजावली गेली पाहिजेत, पहिलं न घाबरण्यासाठी आणि दुसरं मर्यादेत राहण्यासाठी.

कॅरोल फेरीबद्दलही बोलायला हवं. हिंदी रिमिक्स आणि मोठा स्पीकर लावून गावातून जाणं मला पटत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याआधी ते काही काळ नागपुरात होते. पुढे त्यांनी ओव्या-अभंगांतून ख्रिस्त गायला, त्यांची पदं आजही आपल्या उपासनेत आहेत. विदर्भातला कान खंजिरी भजनावर वाढलेला आहे. एक खंजिरी, एक ढोलकी, टाळ आणि तीन पदं नीट बसवा. लोक दारात येऊन ऐकतील. दहाच्या आत घरी जा, सकाळी सगळ्यांना कापूस वेचायला जायचं असतं.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र प्रसादाचा. केक आपण देतो, मग समोरून येणाऱ्याचं काय? दिवाळीचा फराळ आणि पूजेचा प्रसाद यांत फरक आहे. चिवडा-लाडू हा शेजारधर्म आहे, तो आनंदाने खावा. प्रसादाबाबत करिंथकरांच्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय मंडळीत बसून वाचा. ते पत्र लिहिणारा पौल तिथे दोन बाजू सांभाळतो: समोर वाढलेलं चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे नाही म्हणायचं असेल तर हात जोडून, "आमच्यात घेत नाही, काकू, राग मानू नका" एवढंच. पूजा कशी चुकीची आहे ते तिथे सांगू नका. आणि त्यांनी आपल्या प्रार्थनेनंतरचा केक घेतला नाही तर तोही मान त्यांना द्या.

केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या पोरींनी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घ्यावी. छोट्या घरगुती धंद्यासाठी ती ऑनलाइन होते आणि फी वर्षाला १०० रुपये आहे. नंबर डब्यावर लिहा.

ऑर्डरीत भेद करू नका. आपल्याकडे सगळ्यांत मोठी ऑर्डर नाताळची नसून अनेक गावांत १४ एप्रिलची असते, बाबासाहेबांच्या जयंतीचा निळा केक. ती घ्या आणि चांगली करा. पिवळ्या बटरच्या आयसिंगमध्ये निळा रंग टाकला की हिरवट होतो, म्हणून पांढरं आयसिंग घ्या, किंवा बटरमध्ये आधी जांभळ्या रंगाचा अगदी कण घालून पिवळेपणा मारा. निळा रंग थोडा कमीच ठेवा, तासाभरात तो गडद होतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार असतो, व्हिपिंग क्रीम मंडपात ओघळते. तिथे क्रीमचे थर लावूच नका. वर पातळ फाँडंट (साखरेची लाटलेली पोळी) पसरा, आणि केक कापायच्या वेळेआधी अर्धा तास घरून निघा.